हलूकाका आणि तळाचं नाणं

हलूकाका स्विमिंग पूलच्या काठाने चालत असले की ते चालताहेत हे कळायला बघणाऱ्याला थोडा वेळ लागायचा. हातात सोळा-सतरा फुटांचा लांबलचक दांडा, दांड्याच्या टोकाला पाण्याखाली चपटा, चाकांचा ब्रश, ब्रशला जोडलेला निळा पाइप. आणि काठावर बनियन आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट घातलेला एक उंच, वाळका माणूस. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा उभ्या उभ्या झोपलाय. मग लक्षात आलं, मघाशी ते नारळासमोर होते, आता जास्वंदीसमोर आहेत.

त्यांचं खरं नाव गावात फक्त मतदार यादीत असावं. दर दोन वाक्यांमागे ‘हलू’, म्हणजे हळू, म्हणायचे म्हणून सगळे हलूकाका म्हणत, आणि त्यांनाही ते चाले. एडवणला समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर मुंबईच्या साहेबांचा एक बंगला आहे. तिथला पूल बांधला तेव्हापासून काकाच बघत होते. आज तो मी बघतो. बंगल्यामागच्या ज्या खोलीत माझी बायको आणि मुलगी राहतात ती खोली मला काकांमुळे मिळाली. आणि काकांचं काम गेलं ते माझ्यामुळे. ही दुसरी गोष्ट मी फार थोड्या लोकांना सांगितली आहे, आणि तीही फार उशिरा.

ज्यांनी हे काम पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पूलच्या तळाशी रोज माती बसते, पानं बसतात, वाऱ्याने वाळू येते. ती मोटर लावून पाइपाने ओढून घ्यायची, याला आम्ही व्हॅक्युम मारणं म्हणतो. घर झाडण्यासारखंच असतं, फक्त केर पाण्याखाली आणि झाडणारा वर उन्हात. ब्रश जोरात ढकलला की तळाची धूळ ढगासारखी वर येते आणि सगळी मेहनत फुकट. काका म्हणायचे, “घाई केली का धूल उठते. उठली का मग दोन दिवस रुसते, खाली बसत नाय. हलू जायाचं. तिला कलायलाच नको आपण आलोय ते.”

माझं गाव जालना जिल्ह्यात. उन्हाळ्यात टँकरवर असतं. आठवीत शाळा सुटली, मग इकडेतिकडे करत तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली लागलो. तो कारखाना बंद पडला आणि मी बोईसरला एका केमिकलच्या दुकानात माल उचलायला राहिलो. काका क्लोरीन घ्यायला तिथे यायचे. एकदा त्यांचा डबा मी स्टेशनपर्यंत नेला, डोक्यावरून उतरवून फलाटावर ठेवला आणि निघालो, तर मागून आवाज आला, “ए, थांब. तू डबा आपटला नाय.”

मी घाबरलो. मला वाटलं काही चुकलं. मला नेहमी आधी तेच वाटतं.

“नाही काका. आपटू का?”

ते इतके हसले की बाकावरचे लोक वळून बघायला लागले. “सगले आपटतात. तू हलू ठेवलास. गाव कुठला?” मी सांगितलं. “जालना? मग पानी कधी बगितलंस का?”

“टँकरचं.”

“मग चल माझ्यासंग. एवढं पानी दाखवतो का डोलं फिरतील.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी साहेबांना फोन लावून दिला. मला हाताखालचा माणूस म्हणून ठेवलं, झाडलोट, बाग, फाटक आणि राहायला खोली. माझ्या बायकोने, रेखाने, खोलीत पहिला दिवा लावला तेव्हा काका दारात केळ्यांची फणी घेऊन उभे. “घ्या ताई, वाडीतली हाय. आनि ह्याला सांभाला, हा फार घाबरतो.” त्यानंतर काकांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. ‘ए जालना’ हेच माझं नाव झालं.

काकांचे कान फार तिखट होते. मोटर लावली की ते पाच मिनिटं काही न करता मोटरखोलीच्या दाराशी उभे राहत, डोकं जरा वाकडं करून. “आज घसा बसलाय हिचा,” म्हणत, आणि झाकण उघडलं की जाळीत हमखास पानांचा लगदा निघे. पाइप पाण्यात बुडवून त्यातली हवा काढायचे तेव्हाही बुडबुड्यांचा शेवटचा आवाज त्यांना ऐकू येई. “हवा राहिली का मोटर नुसती वरडते, वढत काय नाय. आपल्या सरपंचासारखी.”

हसून बोलायचे, पण एका गोष्टीत हसणं नव्हतं. फिल्टरच्या डोक्यावर एक हँडल असतं. ते ‘फिल्टर’वर ठेवलं की पाणी गाळून परत पूलमध्ये येतं, ‘वेस्ट’वर ठेवलं की थेट बाहेर गटारात जातं. हे हँडल चालू मोटरवर कधी फिरवायचं नाही. आतला रबर फाटतो आणि मग न गाळलेलं पाणीच आत येत राहतं. काका हे माझ्याकडून पाढ्यासारखं म्हणून घेत.

“पयलं काय?”

“मोटर बंद.”

“मग?”

“मग हँडलला हात.”

“शाना. आठवी शिकलेल्याला एवढं पुरतं. मी चौथी हाय.”

काम झालं की काका मोटरखोलीच्या कोनाड्यातून एक रुपयाचं नाणं काढत आणि खोल बाजूला, जिथे पाणी साडेपाच फूट आहे तिथे, टाकत. नाणं डुलत डुलत तळाशी जाई. पाणी शांत झालं की विचारत, “छापा का काटा?” मी काठावरून बघून सांगायचो. नुसतं नाणं दिसून चालत नसे. त्याची बाजू ओळखू आली पाहिजे, तर पाणी स्वच्छ. नाही ओळखलं तर पुन्हा दांडा उचलायचा. नंतर ते नाणं जाळीने काढून परत कोनाड्यात.

काका स्वतः कधी त्या पाण्यात उतरले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, “समुद्र हाय ना माझा. ह्यात काय, ना मीठ ना म्हावरा.”

एकदा मी चेष्टेत म्हणालो, “काका, रोज मलाच विचारता. आज तुम्ही सांगा.” ते नाण्याकडे बघत राहिले. मग काठावर बसले आणि मलाही बसायला सांगितलं.

“मला नुसता पांडरा ठिपका दिसतो रे. ह्या डोल्यात मोतीबिंदू हाय, त्या डोल्यात सुरू हाय.” आवाज एकदम खाली आणला होता, जरी बंगल्यात आम्ही दोघंच होतो. “दिवालीचे पावने गेले का डोला करून घेनार. पालघरला डॉक्टरशी बोललोय. तवर कोनाला सांगू नको. सायेबाला कललं तर मला पान्याच्या कडेला उभं नाय करायचे. माझं चुकत नाय, तू सांगतोस ना छापा-काटा.”

मी म्हणालो, “नाही सांगणार काका.”

“शपथ नको. नुसतं नको सांगू.”

त्या वर्षी पावसात पूल हिरवा पडला. लाईट सारखी जात होती, मोटर बंद राहायची. दिवाळीला साहेबांची सगळी मंडळी येणार होती, लहान मुलं धरून बारा-तेरा जण. काकांनी आधी क्लोरीनने शेवाळ मारलं, मग तुरटी विरघळवून सगळीकडे शिंपडली. दोन दिवसांत सगळी घाण खाली बसली. वर पाणी काचेसारखं आणि तळाशी राखाडी गोधडी अंथरल्यासारखं.

“आता ही घान फिल्टरला नाय घालायची,” काका म्हणाले. “फिल्टर तुंबंल, नायतर परत आत येईल. हँडल वेस्टला. सगलं बाहेर.” सकाळी नऊपासून त्यांनी अर्धा तळ ओढून काढला. मी पाइप सांभाळत होतो. दुपारी त्यांच्या पुतण्याच्या मुलीचा साखरपुडा होता, गावातच. काकांनी दांडा माझ्या हातात दिला. मला तो एकट्याला पहिल्यांदाच मिळत होता.

“राहिलेला तू कर. मी तोंड दाखवून येतो. हलू कर.”

“हो काका.”

“पयलं काय?”

“मोटर बंद. जा हो काका, गोड खाऊन या.”

मी खरंच हळू करत होतो. पट्टा संपला की परत वळायचं, आधीच्या पट्ट्यावर चार बोटं घेऊन. काकांनी शिकवलं होतं तसंच. पण कुंपणाच्या पलीकडे पाणी पडत होतं. तीन बोटं जाडीचा लोट, धो धो, थेट गटारात. सुरुवातीला ते राखाडी होतं. मग फिकट झालं. मग मी दांडा ठेवून बघायला गेलो तर मला तरी ते स्वच्छ दिसत होतं.

आमच्या गावात टँकर आला की आई घागर घेऊन पळायची, आणि पाइपाच्या तोंडून जे सांडायचं त्याखाली मी तांब्या धरायचो. त्याबद्दल कुणी शाबासकी दिली नाही, ते करायचंच असायचं. आणि इथे मी उभा राहून पूलची पातळी एक फरशी, दोन फरशा खाली जाताना बघत होतो. काकांना मी आधी एकदा विचारलं होतं, हे पाणी झाडांना तरी सोडू या. ते म्हणाले होते, “क्लोरीन हाय त्यात, पानवेल जलंल. गटारच त्याचं घर.” मला ते पटलं होतं. पण त्या दुपारी एकटा असताना पटेना. थोडीच घाण उरलीय, ती गाळून घेतली तर काय होईल, असा विचार आला. मोटरखोलीत गेलो आणि हँडल फिरवलं.

मोटर चालू होती. पाढा मी मघाशीच म्हणून दाखवला होता.

आत कट्‌ असा आवाज झाला आणि मोटर वेगळ्याच सुरात रडायला लागली. मी धावत जाऊन बटण बंद केलं. बाहेर आलो तर पूलमध्ये एका कोपऱ्यातून दुधासारखा ढग पसरत होता. मी काय केलं, तर हँडल परत वेस्टवर नेऊन ठेवलं, होतं तसं. आणि दांडा हातात घेऊन काठावर उभा राहिलो.

काका पाचच मिनिटांत आले. कपाळाला गंध, खिशात माझ्या मुलीसाठी कागदात बांधलेला पेढा. पाण्याकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले.

“पानी पांडरं दिसतंय का रे?”

“हो काका.”

“कसं झालं?”

“काय माहीत. आपोआप झालं.”

त्यांनी खिशात हात घातला. पेढा माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळी आली. मुलं गाडीतून पोहायच्या कपड्यांतच उतरली आणि पूलपाशी येऊन थबकली. एक लहान मुलगी म्हणाली, “पप्पा, ह्यात कोणी दूध टाकलं?” साहेबांनी पालघरहून मिस्त्री बोलावला. त्याने फिल्टरचं डोकं उघडलं, फाटलेला रबर दोन बोटांत उचलून दाखवला आणि म्हणाला, “चालू मोटर में किसी ने हँडल घुमाया है, साहेब. दुसरं काही नाही.”

साहेब ओरडणारे नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, “काका, काल तुम्ही होतात ना?”

“होतो,” काका म्हणाले. आणि मग गप्प राहिले. आमच्या तिघांच्या मध्ये तो रबर पडला होता. काका माझ्याकडे बघत होते की माझ्यामागच्या भिंतीकडे, मला सांगता येणार नाही. तेवढा वेळ मला मिळाला होता. मिनिटभर तरी. त्या मिनिटात मला खोली दिसली, रेखा दिसली, जूनमध्येच झेडपीच्या शाळेत घातलेली मुलगी दिसली, आणि पुन्हा बोईसरची भाड्याची खोली दिसली. आणि माझं तोंड उघडलं.

“साहेब, काकांना आता नीट दिसत नाही. मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत.”

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं सहज निघालं असेल.

साहेब काकांकडे वळले, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. “काका, सांगायचं ना. पाण्याजवळचं काम आहे. उद्या पाय घसरला तर मी काय तोंड दाखवू तुमच्या घरच्यांना? आता आराम करा.” मग माझ्याकडे वळून, “तू करशील ना रे?”

मी ‘हो साहेब’ म्हणालो. अडखळलोसुद्धा नाही.

काकांनी त्या दिवशी पाइपातलं पाणी काढलं, त्याचं वेटोळं केलं, खुंटीला लावलं. नाणं कोनाड्यातच राहू दिलं. चपला घातल्या. फाटकापर्यंत मी त्यांच्या मागून गेलो, काय बोलायचं ते न ठरवता. ते थांबले, मला वाटलं आता बोलतील.

“पाइप सावलीत ठेव. उन्हात कडक होतो,” एवढं म्हणून ते गेले.

त्यांचं घर बंगल्यापासून दहा मिनिटांवर. मी तीन महिने त्या वाटेने गेलो नाही. दुकानात जायला समुद्राकडून वळसा घालायचो. रेखाला मी फक्त एवढंच सांगितलं होतं की काका थकले. संक्रांतीला तिने तिळगुळाचा डबा माझ्या हातात कोंबला. “त्या माणसानं आपल्याला छप्पर दिलं, अन् तुम्ही त्यांच्या दारावरून जात नाही. लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?”

लाज वाटत होती म्हणूनच जात नव्हतो. पण हे तिला सांगायचं तर बाकीचं सगळं सांगावं लागलं असतं.

काका ओटीवर बसून विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत होते. मी वाडीच्या झापाच्या दारापाशी होतो, घर चांगलं चाळीस पावलांवर, आणि तिथून हाक आली, “ए जालना! डबा आपटू नको हां.”

त्यांना दिसत होतं. दिवाळीनंतर महिनाभरात डोळा झाला होता, ठरवल्याप्रमाणेच. काळा चष्माही आता सुटला होता. मी ओटीच्या पायरीवर बसलो आणि तिळगूळ द्यायच्या आधीच बोलून टाकलं. हँडल मी फिरवलं, काका. पाणी वाहून जाताना बघवेना. आणि मग तुमचं नाव पुढे केलं.

काकांनी एक जुडी पुरी केली, दोरा दाताने तोडला.

“माहीत हाय. मी फाटकाशी पोचलो होतो तवा. मोटर कशी वरडली ते ऐकलं.”

“मग साहेबांना का नाही बोललात?”

“तू बोलशील म्हनून थांबलो.”

आतून त्यांच्या सुनेने चहा आणून ठेवला. तिच्यासमोर आम्ही दोघं पानांच्या भावाबद्दल बोललो. ती गेल्यावर काका म्हणाले, “पान्याचं काय नाय रे. तू टँकरचा मानूस, हात गेला असंल. रबर तर मिलतो. पन डोल्याचं माझं होतं. ते मी सांगायचं होतं सायेबाला, डोला करून झाल्यावर, हसत. तू सांगितलंस.”

मला रडू आलं. त्यांनी ते बघितलं नाही असं दाखवलं. “चहा पी. पानी कसं हाय?”

“बरं आहे.”

“छापा दिसतो?”

“दिसतो काका.”

“मग झालं.”

निघताना त्यांनी मुलीसाठी चिकू दिले. झाप लावून रस्त्यावर आलो, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं, आणि त्या हलकेपणातच मला कळलं की मी काय बोललो नव्हतो. काकांना आता माझ्याइतकंच चांगलं दिसत होतं. ‘चला काका, साहेबांना खरं सांगतो, तुमचं काम तुम्ही घ्या,’ हे वाक्य मी म्हणालो नव्हतो. मी माफी मागायला गेलो होतो, दांडा परत द्यायला नाही. आणि ते माझ्याकडे बघत चहा संपेपर्यंत थांबले होते. पुन्हा एकदा.

मी ठरवलं, साहेब उन्हाळ्यात आले की सांगू. उन्हाळ्यात साहेब आले तर सोबत पाहुणे होते. मग म्हटलं पावसानंतर. श्रावणात काका गेले. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी. सगळं गाव होतं. मी मागे उभा राहिलो. कुणीतरी म्हणालं, “हा जालना. काकांचा चेला.” मी खाली बघितलं.

त्या दिवाळीला साहेब आले तेव्हा मी त्यांच्या खुर्चीपाशी गेलो. “साहेब, गेल्या वर्षी फिल्टरचं हँडल काकांनी नाही फिरवलं. मी फिरवलं.”

साहेबांनी फोनमधून मान वर केली. “कुठलं हँडल?”

मी सगळं सांगितलं.

“अच्छा, ते होय! अरे, केव्हाचं ते. तुझा चेहरा बघून मला वाटलं आता परत काहीतरी बिघडलं.” मग म्हणाले, “काका गेले ना, कळलं मला. चांगला माणूस होता.” आणि पाण्याकडे बघून, “मस्त ठेवलंयस हं पूल.” फोन वाजला, ते बोलत आत गेले.

एवढंच. ज्या वाक्याला मी वर्षभर घाबरलो, ते साहेबांनी धड ऐकलंही नाही. त्या दिवशी रबर मध्ये पडलेला असताना बोललो असतो तर साहेब रागावले असते, मुलांना समुद्रावर नेलं असतं आणि संध्याकाळपर्यंत विसरलेही असते. खोली राहिली असती. काकाही राहिले असते, डोळा करून, काठावर, नारळापासून जास्वंदीपर्यंत जायला पाव तास लावत. हे सगळं एका मिनिटाचं काम होतं.

सोमवारी मी व्हॅक्युम मारतो. पाइप बुडवून हवा काढतो, मोटरखोलीच्या दाराशी उभं राहून आवाज ऐकतो, मग दांडा उचलतो. परवा रेखा कपडे वाळत घालताना म्हणाली, “अहो, चालताय की झोपलाय?” शेवटी कोनाड्यातलं नाणं काढून खोल बाजूला टाकतो. ते डुलत खाली जातं. पाणी थांबेपर्यंत मीही थांबतो.

“छापा,” मी मोठ्याने सांगतो. आता विचारणारं कुणी नाही, म्हणून न विचारताच सांगतो.